नुसतं ‘मम’ म्हणणारी

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

‘मी कर्ज देणाऱ्या एका कंपनीत आहे. अर्ज सगळे मोबाइलवरून येतात. सिस्टिम त्यांना गुण देते आणि हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका लावते. पिवळे आणि लाल अर्ज आम्हा तपासनीसांकडे येतात, माणशी दिवसाला तीनशे. समोर दोन बटणं असतात, “सहमत” आणि “असहमत”. सहमत दाबलं की पुढची फाइल. असहमत दाबलं की पाच रकान्यांचा फॉर्म उघडतो, कारण लिहावं लागतं, आणि संध्याकाळी टीम लीडर विचारते, “आज काय गं, एवढे?” भिंतीवरच्या स्क्रीनवर प्रत्येकाची सहमतीची टक्केवारी झळकते. माझी ९८ आहे. त्याबद्दल मागे कौतुकही झालं.

गेल्या आठवड्यात दिवस संपत आला असताना एका बाईंचा अर्ज आला. लाल. शेरा एकच: “स्थैर्य कमी”. फाइल उघडली तर दोन वर्षांत पत्ता तीनदा बदललेला. पण नोकरी तीच, बदलीची. पगार एकाही महिन्यात चुकलेला नाही. आधीचं लहानसं कर्ज वेळेत फेडलेलं. सिस्टिम चुकतेय हे मला स्वच्छ दिसत होतं. तरी सहमत दाबलं, कारण अजून अकरा फाइली उरल्या होत्या. त्यांना जो संदेश जातो त्यात लिहिलेलं असतं, “आपल्या अर्जाची आमच्या तज्ज्ञांनी तपासणी केली आहे.” ती तज्ज्ञ म्हणजे मी.

तेव्हापासून झोप नाही. नवरा म्हणतो, तू नाही दाबलंस तर दुसरं कुणी दाबेल. मैत्रीण म्हणते, सोड ती नोकरी. मला वाटतं त्या बाईंना फोन करून माफी मागावी, नंबर समोरच आहे. “पुनर्विचार” नावाचं एक बटण आहे, पण ते वापरलेलं मी कुणाला पाहिलं नाही. मी दोषी आहे का? काय करू?

– नुसतं मम म्हणणारी’

आधी फोनचं सांगते, कारण ते आज रात्रीसुद्धा हातून घडेल. करू नका. त्या बाईंनी नंबर कर्जाच्या कामासाठी दिलाय, तुमच्या मनाला बरं वाटावं म्हणून नाही. लोकांनी एका कामासाठी दिलेली माहिती भलत्याच कामाला वापरली जाते, ही आज जगभरातली मोठी तक्रार आहे, आणि तुमचा फोन त्याच तक्रारीत आणखी एकाची भर घालेल. शिवाय बोलणार काय? ‘तुमचा अर्ज मंजूर व्हायला हवा होता’ असं म्हटलंत की पलीकडून पहिला प्रश्न येईल, ‘मग केला का नाहीत?’

आता दोष. त्या एका फाइलपुरतं माझं उत्तर ‘हो’ आहे. तुम्हाला दिसलं होतं आणि तरी तुम्ही दाबलंत. हे मी गुळमुळीत बोलून टाळलं असतं तर पुढचं काहीच तुम्हाला पटलं नसतं, म्हणून सरळ लिहिते.

पण बाकीच्या फाइलींचा हिशोब तुमच्या एकटीच्या खात्यावर मांडता येत नाही. साडेसात तासांत तीनशे फाइली धरल्या तर एका फाइलीला दीड मिनिट पडतं. ती उघडायची, खाली-वर करायची, दाबायचं, पाणी प्यायचं, डोळे चोळायचे, सगळं त्या दीड मिनिटात. एवढ्यात माणूस तपासत नाही, ठिपका कुठल्या रंगाचा आहे ते बघतो.

यात मला कुणी शहाणी समजू नये म्हणून माझंच सांगते. मी बरीच वर्षं मुद्रितं तपासायचे. मग संगणक आला आणि चुकीच्या शब्दाखाली आपोआप लाल रेघ उमटू लागली. पहिल्या काही महिन्यांत मी आधी सगळं वाचायचे आणि मग रेघा बघायचे. नंतर आधी रेघा बघून मग वाचू लागले. पुढे जिथे रेघ नाही तिथे डोळा थांबेनासा झाला. एका लेखात ‘दीनांचा कैवारी’ऐवजी ‘दिनांचा कैवारी’ छापून गेलं. गरिबांचा कैवार घ्यायला गेलो आणि दिवसांचा कैवार घेऊन आलो! दोन्ही शब्द बरोबर, त्यामुळे यंत्राने रेघ मारली नाही, आणि रेघ नव्हती म्हणून मी थांबले नाही. मला कुणी घाई केली नव्हती, भिंतीवर माझी टक्केवारीही नव्हती. तरी हे झालं. यंत्राच्या मताकडे मन असं आपसूक कलतं त्याला ‘ऑटोमेशन बायस’ म्हणतात. युरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धिमत्तेबाबतचा कायदा १ ऑगस्ट २०२४ पासून अमलात आला, त्यात माणसाच्या देखरेखीवरच्या कलमात हा शब्द चक्क नावानिशी घातलाय. म्हणजे हा दोष तुमच्या-माझ्या आळसाचा नाही, तो गृहीत धरूनच व्यवस्था उभारायला हवी, एवढं तरी कायदे करणाऱ्यांना कळलंय.

पोलंडमध्ये २०१४ पासून बेरोजगारांची संगणकावर तीन गटांत विभागणी होऊ लागली. कुणाला कसली मदत मिळणार ते गटावर ठरायचं. रोजगार कार्यालयातल्या कर्मचाऱ्याला गट बदलण्याची मुभा होती, आणि सरकारचं म्हणणं असं की संगणक फक्त मदतीला आहे, ठरवतो माणूसच. पॅनोप्टिकॉन नावाच्या तिथल्या संस्थेने हा विषय लावून धरला. संगणकाचं म्हणणं कर्मचाऱ्यांनी शंभरात एकाहूनही कमी वेळा बदललं होतं. कारणं ओळखीचीच निघाली: वेळ नाही, साहेब काय म्हणतील, आणि संगणकाला आपल्यापेक्षा जास्त कळत असणार. २०१९ मध्ये ती पद्धत गुंडाळली. त्या हिशोबाने तुमचे ९८ टक्के म्हणजे बंडखोरीच म्हणायची.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकले ते दोन शब्द, ‘स्थैर्य कमी’. हा काही निष्कर्ष नाही, नुसतं लेबल आहे. नेदरलँड्समध्ये मुलांच्या पाळणाघराच्या खर्चासाठी पालकांना सरकारी भत्ता मिळतो. तिथल्या कर खात्याची सिस्टिम अर्जांना धोक्याचे गुण द्यायची, आणि अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हेही त्यात धरलं जायचं. गुण जास्त आले की फाइल माणसाकडे. पण ते का जास्त आले, हे त्या माणसाला सांगितलंच जात नव्हतं. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने २०२१ च्या अहवालात हे मांडलं. लाल खूण आलीय म्हणजे काहीतरी असणारच, या भावनेने फाइल उघडली की मग सही राहिली काय आणि कागद राहिला काय, प्रत्येक गोष्टीत लबाडीच दिसते. हजारो कुटुंबांना फसवे ठरवून त्यांच्याकडून भत्त्याची रक्कम परत मागितली गेली, कित्येक कर्जबाजारी झाली. जानेवारी २०२१ मध्ये या प्रकरणावरून तिथल्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. खिडकीमागे माणसं होती ना? होती. त्यांना कारण माहीत नव्हतं.

तुमच्या सिस्टिमला कारण विचारलंत तर ते बहुधा पत्त्यापाशीच येऊन थांबेल. कर्ज फेडण्याची नियत थेट मोजता येत नाही, म्हणून जे मोजता येतं ते तिच्या जागी आणून बसवायचं. अमेरिकेतल्या रुग्णालयांत जादा देखभालीची गरज कुणाला आहे हे ठरवणाऱ्या एका सिस्टिमबद्दल २०१९ मध्ये संशोधन प्रसिद्ध झालं. ती सिस्टिम आजार मोजायच्या ऐवजी उपचारांवरचा खर्च मोजत होती. तेवढ्याच आजारी कृष्णवर्णीय रुग्णावर खर्च कमी होत आलेला, म्हणून सिस्टिमच्या लेखी तो कमी आजारी. हे मोजमाप सुधारलं तर जादा मदतीसाठी निवडलेल्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जातं, असं संशोधकांनी दाखवलं. वंशाचा रकाना त्या सिस्टिममध्ये नव्हताच. तुमच्याकडेही बाई की पुरुष, श्रीमंत की गरीब असं काही विचारत नसतील. पण पत्ता कुणाचा बदलतो? भाड्याने राहणाऱ्यांचा, बदलीच्या नोकरीवाल्यांचा, लग्न होऊन गेलेल्या किंवा लग्न मोडून निघालेल्या बायकांचा. स्वतःच्या घरात तीस वर्षं राहणारा यात कधीच लाल होणार नाही, मग त्याने उसनवारी बुडवलेली का असेना.

आणि मग तुम्हाला तिथे कशाला बसवलंय? सगळे अर्ज यंत्रानेच निकालात काढले असते तर खर्चही वाचला असता. मॅडलिन क्लेअर एलिश या संशोधिकेने याला एक नेमकं नाव दिलंय. मोटारीचा पुढचा भाग मुद्दाम असा बनवतात की धडक बसली तर तो चेपावा आणि आतला माणूस वाचावा. स्वयंचलित यंत्रणांत हे उलटं होतं, चेपतो तो माणूस आणि वाचते ती यंत्रणा. एलिश त्याला नैतिक चेपपट्टा म्हणतात, म्हणजे मराठीत मी तरी तसं म्हणेन.

मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतल्या टेम्पी शहरात उबरच्या चाचणीवरच्या स्वयंचलित गाडीने रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला धडक दिली, त्यात ती दगावली. चाकामागे देखरेखीला बसलेली चालक मोबाइलवर कार्यक्रम बघत होती. तिची चूक होतीच, २०२३ मध्ये तिने गुन्हा कबूलही केला. पण कंपनीने पूर्वी दोन माणसं बसवायची ती एकावर आणली होती, आणि अपघाताची चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय मंडळाने कंपनीच्या सुरक्षेबाबतच्या ढिसाळपणावरही बोट ठेवलं होतं. फौजदारी खटला मात्र एकटीवर चालला. तुमच्या कंपनीत उद्या कुणी विचारलं, ‘या बाईंना नाकारलं कुणी?’ तर नोंदीत सिस्टिमचं नाव निघणार नाही. तुमचा लॉगिन निघेल.

अर्जदाराच्या बाजूनेही बघा. आपलं म्हणणं कुणीतरी ऐकून घेईल, उत्तर ‘नाही’ का मिळालं ते सांगेल, चूक असेल तर दुरुस्त करेल, हा काही सौजन्याचा भाग नाही, हक्क आहे. ‘तज्ज्ञांनी तपासणी केली आहे’ हे वाक्य नेमकं तिथे घाव घालतं. ते वाचून त्या बाई गप्प बसल्या असतील. यंत्राने नाकारलं म्हटलं असतं तर भांडल्या असत्या. माणसाने वाचून नाकारलं म्हटल्यावर आपल्यातच काही कमी असेल असं वाटतं.

युरोपात २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या माहिती संरक्षण कायद्याप्रमाणे, माणसाच्या आयुष्यावर मोठा परिणाम करणारा निर्णय, काही ठरावीक अपवाद सोडले तर, निव्वळ यंत्रावर सोपवता येत नाही. यातून निसटायची सोपी वाट म्हणजे शेवटी एक माणूस बसवणं. ती वाट ओळखूनच तिथल्या नियामकांनी स्पष्ट केलं की नावापुरता माणूस चालणार नाही, त्याला निर्णय फिरवण्याचा अधिकार हवा आणि तेवढी समजही. ७ डिसेंबर २०२३ ला युरोपीय संघाचं न्यायालय आणखी पुढे गेलं. जर्मनीतल्या शुफा या पत मोजणाऱ्या कंपनीच्या खटल्यात ते म्हणालं, बँक जर मुख्यतः त्या गुणांवरच विसंबून कर्ज नाकारत असेल, तर गुण देणं हाच निर्णय. तुमच्या कंपनीला कुठला कायदा लागू आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, तेव्हा ही कलमं घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये शिरू नका. पण एवढं लक्षात ठेवा, तुम्हाला जे रात्री दोन वाजता छळतंय ते न्यायाधीशांनाही खटकलेलं आहे.

आता करायचं काय. पुढचे पंधरा दिवस एका वहीत रोज तीनच आकडे लिहा: किती फाइली पाहिल्या, कितींबद्दल शंका आली, कितींना असहमत दाबलं. अर्जदाराचं नाव, नंबर, स्क्रीनचा फोटो, काहीही नको. घरी नेलेली एकच फाइल तुमचं सगळं म्हणणं बुडवेल, आणि बुडवणंही बरोबरच ठरेल. दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यातली तफावत, तेवढंच तुम्हाला हवंय. शेजारच्या टेबलावरचं कुणी विश्वासाचं असेल तर त्यालाही वही ठेवायला सांगा. एकटीने विचारलं की ‘हिला काम झेपत नाही’ म्हणतात, दोघांनी विचारलं की निदान बैठक तरी ठरते.

त्या बैठकीत माणुसकीवर भाषण देऊ नका, कुणाची तरी मान अवघडेल आणि विषय संपेल. कामाचं बोला. पहिली मागणी माझ्या मते सगळ्यात मोलाची, आणि तिला फारसा खर्चही नाही: ठिपका आधी दाखवू नका. अर्ज आधी दिसू दे, तपासनीस आपलं मत नोंदवू दे, मग यंत्राचे गुण उघडू देत. दोन्ही जुळले तर पुढे, नाही जुळले तर ती फाइल तिसऱ्याकडे. मी मुद्रितं वाचताना आधी वाचून मग लाल रेघा बघायचे तेव्हा चुका सापडत होत्या. क्रम बदलला आणि सगळं बिघडलं. वेळ वाढतो म्हणून वरचे कुरकुरतील. मग निदान पिवळ्या अर्जांपुरतं मागा.

दुसरं तुमच्या त्या पाच रकान्यांचं. नाही म्हणायला पाच रकाने आणि हो म्हणायला एक क्लिक, अशी उतरंड असेल तर पाणी कुठे वाहणार हे सांगायला ज्योतिषी नको. कारण दोन्हीकडे लिहायला लावा, एका ओळीचं. ‘पत्ता तीनदा बदलला म्हणून नामंजूर’ असं स्वतःच्या हाताने टाइप करावं लागलं असतं तर तुमची बोटं तिथेच अडखळली असती. भिंतीवरच्या टक्केवारीचं मी बोलतच नाही, ती उतरवा एवढंच. यंत्राशी सहमत होण्याबद्दल शाबासकी द्यायची असेल तर माणूस ठेवायचा तरी कशाला!

तिसरं थोडं खोडकर आहे, पण विमानतळावर सामान तपासणाऱ्यांच्या बाबतीत तेच करतात. त्यांच्या पडद्यावर मधूनमधून खोट्या बंदुकीचं चित्र टाकून नजर जागी आहे का ते बघतात. तसे मुद्दाम चुकीचे गुण दिलेले काही अर्ज तपासनीसांच्या रांगेत सोडा. त्यांतले कितीसे पकडले जातात ते कळलं की तुमच्या ९८ टक्क्यांचा खरा अर्थ व्यवस्थापनाला आपोआप कळेल. कुणाला शिक्षा करायला हे वापरायचं नाही, हे मात्र आधी लिहून घ्या.

यावर काही न होण्याची शक्यता भरपूर आहे, खोटी आशा देत नाही. न झालं तर एकच मागा: त्या संदेशातून ‘तज्ज्ञांनी तपासणी केली’ हे वाक्य काढा. अधिकार देणार नसाल तर नाव तरी वापरू नका. ही मागणी लेखी करा आणि उत्तरही लेखी मागा.

तुमच्या नवऱ्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. दुसरं कुणी दाबेलच. पण ते दुसरं कुणी तुमच्याइतकंच दमलेलं असेल, आणि त्यालाही वाटेल की आपण नाही तर दुसरं कुणी. अशा वीस जणांनी मिळून भिंतीवरची ती ९८ टक्के सहमती तयार होते. आणि मैत्रीण म्हणते तसं सोडायचं? घराचा हिशोब तुम्हाला माहीत, मला नाही, त्यामुळे मी कुणाला सोडा किंवा राहा म्हणत नाही. पण खुर्ची रिकामी झाली की आपोआप बरं होतं, अशा समजुतीत राहू नका. ऑस्ट्रेलियात सरकारी भत्त्यांची पडताळणी आधी माणसं करायची, नंतर ती बरीचशी यंत्रावर सोपवली. वर्षाच्या उत्पन्नाला २६ पंधरवड्यांनी भागायचं, आणि तो आकडा माणसाने त्या-त्या पंधरवड्यात सांगितलेल्या कमाईशी जुळला नाही आणि माणसाला खुलासा देता आला नाही की वसुलीची नोटीस. ज्याने सहा महिने काम केलं आणि सहा महिने बेकारीत काढले, तो या भागाकारात बारा महिने अर्धपगारी दिसू लागला. २०२० मध्ये सरकारने ४ लाख ७० हजार वसुल्यांचे पैसे परत करायचं जाहीर केलं. २०२३ च्या चौकशी आयोगाने ती योजना क्रूर ठरवली. फाइल उघडून ‘अहो, हा माणूस अर्धं वर्षच कामाला होता’ म्हणणारा एक जण मध्ये असता तर, एवढंच वाटत राहतं. तुम्हाला त्या बाईंची बदलीची नोकरी दिसली होती. यंत्राला फक्त तीन पत्ते दिसले होते.

तेव्हा उद्या सकाळी, डोळे ताजे असताना, तीनशेची रांग सुरू व्हायच्या आधी ते कुणीच न वापरलेलं ‘पुनर्विचार’चं बटण दाबा. कुणी विचारलं तर सांगा, माझ्या हातून घाईत चूक झाली, ती दुरुस्त करतेय. कारणाच्या रकान्यात नवीन काही रचू नका, मला लिहिलंत तेच टाका: पत्ता तीनदा बदलला, नोकरी बदलीची, पगार एकाही महिन्यात चुकलेला नाही, आधीचं कर्ज वेळेत फेडलेलं. पुढे काय झालं ते कळवा. बटण चालतच नाही असं निघालं, तर तेही कळवा.